कल्हई की मुलामा? : व्हिक्टोरियाकालीन रुपेरी काटेचमच्यांचे शब्द आणि ठसे

राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीतील, म्हणजे १८३७ ते १९०१ ह्या कालखंडातील, एखाद्या इंग्रज मध्यमवर्गीय कुटुंबाचा जेवणाचा चमचा हाती घेतला असता प्रथमदर्शनी तो चांदीचाच भासतो. त्याचे वजन, दांड्याच्या टोकावरील शिंपल्याचे नक्षीकाम, ओंजळीसारख्या भागाची झळाळी ही सारी चांदीची लक्षणे होत. चमचा उलटा केला तर दांड्याच्या मागील बाजूस चार इवल्या ढाली ओळीने कोरलेल्या दिसतात आणि प्रत्येक ढालीत एकेक वळणदार अक्षर असते. खऱ्या चांदीच्या चमच्यावरही तेथेच, तशाच ओळीत, शुद्धतेचे ठसे असतात. परंतु येथील अक्षरे असतात ई, पी, एन आणि एस. त्यांचा विस्तार ‘इलेक्ट्रो-प्लेटेड निकेल सिल्व्हर’ असा आहे. ह्याचा अर्थ असा की, चमच्याच्या अंगात चांदी नाही. ती केवळ पृष्ठभागावर विजेच्या साहाय्याने चढविलेली आहे. ‘निकेल सिल्व्हर’ ह्या नावात चांदीचा उल्लेख असला, तरी त्या मिश्रधातूत चांदीचा अंशही नसतो.

चमच्याने खरे तेच सांगितले आहे, परंतु सांगण्याची ढब मात्र चांदीची उचलली आहे. ह्या वस्तूला नकली म्हणावे की प्रामाणिक, असा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर देण्याच्या क्रियेला मराठीत दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि ते ह्या प्रश्नाच्या उलगड्यास उपयोगी पडतात. ‘कल्हई’ हा शब्द अरबीतील कथिलवाचक शब्दापासून आला. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आतून जो थर देतात तो कल्हईचा. तीत फसवणूक नसते, आणि झिजली की ती पुन्हा लावावयाची असते. ‘मुलामा’ हाही अरबी शब्दच. त्याच्या मुळाशी चमकण्याचा अर्थ आहे. हा थर बाहेरून, शोभेसाठी दिलेला असतो, आणि म्हणूनच ‘वरवरचा मुलामा’ असा निंदाव्यंजक प्रयोग भाषेत रूढ झाला. इंग्रजीत ह्या दोहोंना मिळून एकच ‘प्लेटिंग’ हा शब्द पुरतो. व्हिक्टोरियाकालीन रुपेरी काटेचमचे हे एकाच वेळी कल्हईचे आणि मुलाम्याचे होते, आणि त्यांच्याविषयी झालेले बहुतेक वाद ह्या दुहेरी स्वरूपातून उद्भवले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. ‘प्लेट’ शब्दाचे अर्थांतर

‘प्लेट’ ह्या शब्दाचे मूळ ग्रीकमधील ‘सपाट, रुंद’ अशा अर्थाच्या विशेषणात आहे. संस्कृतातील ‘पृथु’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्यापासून धातूचा पत्रा असा अर्थ निघाला. स्पॅनिश भाषेत तोच शब्द ‘प्लाता’ ह्या रूपाने प्रत्यक्ष चांदीचा वाचक झाला. इंग्रजीत ‘प्लेट’ म्हणजे सोन्याचांदीची भांडी असा अर्थ मध्ययुगापासून रूढ होता. कुटुंबातील ‘प्लेट’ म्हणजे पिढ्यान्पिढ्या चालत आलेली, प्रसंगी गहाण टाकता येण्याजोगी, अस्सल चांदीची मालमत्ता.

अठराव्या शतकात ‘प्लेटेड’ हे विशेषण प्रचारात आले आणि त्याचा अर्थ मात्र ‘चांदीचा थर दिलेले’ असा होता. ‘शेफील्ड प्लेट’ आणि ‘इलेक्ट्रो-प्लेट’ ही नावे पुढे त्यावरूनच पडली. ज्या शब्दाने अस्सल चांदी दर्शवावयाची, त्याच शब्दाने आता चांदी नसलेली वस्तूही दर्शविली जाऊ लागली. दोन्ही अर्थ व्हिक्टोरियाच्या काळात शेजारी शेजारी नांदत होते. दुकानातील ‘प्लेट’ आणि मृत्युपत्रातील ‘प्लेट’ ह्यांचा अर्थ एकच असे, असे नाही. अर्थच्छटांची ही सरमिसळ व्यापाऱ्यांना सोयीची होती, हे उघड आहे.

ह्याच्या उलट दिशेचे उदाहरण भारतीय भाषांत सापडते. मराठीतील ‘रुपे’ हा शब्द संस्कृत ‘रूप्य’ ह्यापासून आला. पाणिनीने ह्या शब्दातील प्रत्यय ‘आहत’, म्हणजे ठोकून उमटविलेले, ह्या अर्थी सांगितला आहे. ज्यावर रूप ठोकले आहे ते रूप्य. त्यापासून नाण्याचे नाव ‘रुपया’ आणि धातूचे नाव ‘रुपे’. येथे ठशावरून धातूला नाव मिळाले. चांदी आणि ठसा ह्यांचा संबंध इतका निकटचा असल्यामुळेच चांदी नसलेल्या वस्तूवर ठसा उमटला की तंटा उभा राहतो.

२. आधी पत्रा, मग आकार. आणि आधी आकार, मग चांदी

विजेच्या मुलाम्यापूर्वीची पद्धती शेफील्डमधील टॉमस बोल्सोव्हर ह्या कारागिराने १७४३ च्या सुमारास शोधून काढली. तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा घट्ट बसवून दोहोंना भट्टीत एकजीव करावयाचे, आणि मग त्यांचा एकत्रित पत्रा लाटून त्याची भांडी घडवावयाची, असे तिचे स्वरूप होते. चहादाण्या, तबके, मेणबत्त्यांची घरे ह्यांना ही पद्धती मानवली. काटेचमच्यांना मात्र ती फारशी मानवली नाही. पत्रा कापला की कडेला तांबे उघडे पडते, आणि काट्याच्या तर प्रत्येक दात्याला दोन कडा असतात. मोठ्या भांड्यांच्या कडा चांदीच्या तारेने झाकता येत. रोज दातांशी आणि बशीशी घासणाऱ्या काट्यावर ती युक्ती टिकणे कठीण होते.

ही अडचण विजेने दूर केली. व्होल्टाची विद्युत्घटमाला १८०० साली प्रसिद्धीस आली आणि १८०५ मध्ये इटलीतील ब्रुन्यातेल्ली ह्याने तिच्या साहाय्याने चांदीवर सोने चढविले. परंतु व्यवहारोपयोगी विलेपनासाठी योग्य द्रावणाची आवश्यकता होती. बर्मिंगहॅममधील जॉन राइट हा शल्यवैद्य शेले ह्या रसायनज्ञाचे लेखन वाचत असता सायनाइडाच्या द्रावणात सोने व चांदी ह्यांची संयुगे विरघळतात, ह्या माहितीकडे त्याचे लक्ष गेले. पोटॅशियम सायनाइडाचे द्रावण वापरल्यास चांदीचा थर घट्ट व एकसारखा बसतो, असे त्याला आढळले. जॉर्ज रिचर्ड्स एल्किंग्टन व त्याचा चुलतबंधू हेन्री ह्यांनी हा शोध आपल्या १८४० च्या एकस्वात समाविष्ट केला. १८४२ मध्ये पोलादी टाकांच्या धंद्यात धनवान झालेला जोसाया मेसन त्यांचा भागीदार झाला. त्याने पुढे स्थापन केलेल्या विज्ञान महाविद्यालयातूनच १९०० साली बर्मिंगहॅम विद्यापीठ उदयास आले. पॅरिसमध्ये शार्ल क्रिस्तोफ्ल ह्याने १८४२ मध्येच फ्रान्सपुरते हक्क मिळवून तेथील उद्योगाचा पाया घातला.

पूर्वी आधी थर आणि मग आकार असा क्रम होता; आता आधी आकार आणि मग थर असा क्रम झाला. वस्तू पूर्ण घडवून, नक्षी उमटवून, दाते कापून झाल्यावर ती द्रावणात बुडविली की कडाकोपऱ्यांसह सर्वांगावर चांदी बसते. काटेचमच्यांच्या व्यापाराचा पुढील सारा विस्तार ह्या एका क्रमबदलावर उभा आहे.

३. अंगचा धातू, वरचा धातू आणि कारागीर

चमच्याच्या अंगासाठी बहुधा निकेल सिल्व्हर वापरीत. तांबे सुमारे साठ टक्के आणि उरलेल्यात निकेल व जस्त, असे त्याचे सामान्य प्रमाण असे. ह्या जातीचा पांढरा मिश्रधातू चीनमध्ये फार पूर्वीपासून होत असे. त्याचे अनुकरण जर्मनीत १८२० नंतरच्या दशकात साध्य झाले, म्हणून इंग्रजीत त्याला ‘जर्मन सिल्व्हर’ हे नाव पडले. मराठीतही ‘जर्मन सिल्व्हर’ हा शब्द आला, आणि पुढे ‘जर्मनची भांडी’ हा प्रयोग तर ॲल्युमिनियमच्या भांड्यांनाही लागू झाला. नावातील चांदी गळाली आणि देश तेवढा उरला. खुद्द ‘निकेल’ हे नाव जर्मन खाणकामगारांच्या शिवीतून आले आहे. तांब्यासारख्या दिसणाऱ्या ज्या खनिजातून तांबे निघत नसे, त्याला ते खट्याळ भुताचे नाव देत. फसव्या धातूचे नाव धारण करणारा धातू चांदीच्या मुलाम्याचा मुख्य आधार व्हावा, हा योगायोग मौजेचा आहे. निकेल सिल्व्हर कठीण आणि रंगाने पांढरट असल्यामुळे वरची चांदी झिजली तरी तांब्यासारखा लाल डाग उघडा पडत नसे. स्वस्त मालासाठी कथिल, अँटिमनी व थोडे तांबे ह्यांचा ‘ब्रिटानिया मेटल’ वापरीत. तो मऊ असून काटेचमच्यांना कमी टिकाऊ ठरे.

पत्र्यापासून कापलेला तुकडा लाटून, पोलादी साच्यांत दाबून, दाते कापून, कडा कानशीने घासून तयार झाला म्हणजे तो दाहक क्षारात धुवून पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात क्षणभर बुडवीत, कारण त्यामुळे चांदी घट्ट धरते. नंतर तो तारेने ऋणाग्राला टांगीत; धनाग्र म्हणून शुद्ध चांदीचे पत्रे असत. ‘अॅनोड’, ‘कॅथोड’ ह्या संज्ञा फॅरडेने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलच्या सल्ल्याने १८३४ मध्ये प्रचारात आणल्या. मूळ ग्रीकमध्ये त्यांचा अर्थ ‘वर जाण्याची वाट’ आणि ‘खाली जाण्याची वाट’ असा आहे. मराठी पारिभाषिकांनी वाटेऐवजी विद्युद्भार हा आधार घेतला. विजेसाठी प्रारंभी घटमाला वापरीत. १८४४ साली बर्मिंगहॅममध्ये वुलरिचचे चुंबकीय विद्युत्जनित्र ह्याच कामासाठी बांधले गेले. ते त्याच शहरातील विज्ञानसंग्रहालयात जतन केलेले आहे.

द्रावणातून निघालेली चांदी दुधासारखी पांढरी आणि निस्तेज असते. तिला झळाळी आणणे हे घोटण्याचे काम होय. पोलाद किंवा रक्ताश्म बसविलेल्या हत्यारांनी दाबून घोटण्याचे हे काम बर्मिंगहॅम व शेफील्ड येथे मुख्यतः स्त्रिया करीत. शेफील्डमध्ये फिरत्या चाकावर वाळू व तेल लावून काटेचमचे घासणाऱ्या मुलींचा एक स्वतंत्र वर्गच होता. अंगावर उडणाऱ्या काळ्या चिखलापासून बचाव व्हावा म्हणून त्या तपकिरी कागद गुंडाळून घेत आणि डोक्याला फडके बांधीत. सोन्याचा मुलामा पाऱ्याच्या वाफेने देण्याची जुनी प्राणघातक पद्धती विजेमुळे मागे पडली, ही मोठी सुधारणा खरी. परंतु तिच्या जागी सायनाइडाच्या टाक्या आल्या, हेही विसरता येत नाही.

ह्या थरात चांदी किती असे? क्रिस्तोफ्लच्या मालावर पुष्कळदा ८४ हा आकडा आढळतो. बारा चमचे व बारा काटे ह्यांवर मिळून ८४ ग्रॅम चांदी, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे नगामागे साडेतीन ग्रॅम. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला की सुमारे चार ग्रॅम चांदी बसते. तेव्हा एका चमच्याला त्या प्रवाहाने बावन्न मिनिटे पुरतात. चमच्याचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर धरले तर थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाइतकी येते. आता अस्सल चांदीचा मोठा चमचा दोन औंसांचा धरू. १८७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्रमाणित चांदीचा भाव औंसाला साठ पेन्सच्या आसपास होता आणि घडविलेल्या चांदीवर औंसाला अठरा पेन्स कर होता. मजुरीपूर्वीच त्या चमच्याची किंमत १५६ पेन्स, म्हणजे तेरा शिलिंग झाली. मुलाम्याच्या चमच्यावरील चांदी त्या भावाने सुमारे सात पेन्सांची, आणि तिच्यावर कर नाही. मध्यमवर्गीय गृहिणीला बारा माणसांचे संपूर्ण पान मांडणे शक्य झाले ते ह्या गणितामुळे.

४. मेजावरील विस्तार

ही शक्यता उपयोगात आणणारी रूढीही त्याच काळात बदलत होती. जुन्या फ्रेंच पद्धतीत पुष्कळसे पदार्थ एकदमच मेजावर मांडले जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रशियन पद्धती हळूहळू रूढ झाली; तीत नोकर एकामागून एक पदार्थ आणून वाढीत. १८६१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या श्रीमती बीटन ह्यांच्या गृहव्यवस्थाविषयक ग्रंथात ह्या पद्धतीच्या जेवणांचीही माहिती आहे. पदार्थ वेगळा तर हत्यार वेगळे, ह्या न्यायाने काटेचमच्यांच्या जाती वाढत गेल्या. लोणच्याचा काटा, मुरंब्याचा चमचा, द्राक्षांचा घोस कापण्याची कात्री, शतावरीच्या कोंबांचा चिमटा, केकची सुरी अशी ही यादी लांबविता येईल.

ह्यांपैकी सर्वच जाती केवळ मिरविण्यासाठी निर्माण झाल्या, असे मानणे चुकीचे होईल. मासळीची सुरी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्या काळच्या साध्या पोलादाच्या पात्यावर लिंबाच्या आंबटाची क्रिया होऊन मासळीला लोखंडाची चव येई. चांदीचा थर दिलेले पाते ही अडचण टाळी. मिठाच्या चमच्याची वाटी आणि अंड्याचा चमचा ह्यांवर पुष्कळदा सोन्याचा थर असे, कारण मीठ चांदीला खाते आणि अंड्यातील गंधकाने चांदी काळी पडते. ही सारी कल्हईची कार्ये आहेत. मात्र त्याच मासळीच्या सुरीचे पाते रुंद करून त्यावर वेलबुट्टी कोरावयाची, मुठीला हस्तिदंत किंवा शिंपला बसवावयाचा आणि मखमली पेटीत ती लग्नाचा आहेर म्हणून द्यावयाची, हा मुलाम्याचा भाग झाला.

आकृतिबंधांतही हेच दिसते. सारंगीच्या आकाराचा ‘फिडल’, साधा व टोकाशी मागे वळलेला ‘ओल्ड इंग्लिश’, कडेने रेघ असलेला ‘थ्रेड’, शिंपला व पर्णाकृती ह्यांनी भरगच्च नटलेला ‘किंग्ज’ हे सर्व बंध मुळात खऱ्या चांदीच्या कारागिरांचे. मुलाम्याच्या कारखान्यांनी ते जसेच्या तसे उचलले, आणि त्यांत आपल्या नव्या बंधांची भर घातली.

५. ठशांची भाषा

इंग्लंडमध्ये चांदीच्या शुद्धतेची परीक्षा करून ठसा देण्याचा अधिकार कस पाहणाऱ्या कचेऱ्यांकडे असतो. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के शुद्धता. बर्मिंगहॅम व शेफील्ड ह्या दोन्ही कचेऱ्या १७७३ साली स्थापन झाल्या. बर्मिंगहॅमचे चिन्ह नांगर आणि शेफील्डचे मुकुट. (शेफील्डने १९७५ पासून मुकुटाच्या जागी गुलाब स्वीकारला.) मुलाम्याच्या मालावर अक्षरे उमटविण्यास १७७३ च्या कायद्याने बंदी केली होती. १७८४ मध्ये ती शिथिल होऊन, शेफील्डपासून शंभर मैलांच्या आतील कारागिरांना आपले नाव व चिन्ह तेथील कचेरीत नोंदवून वापरण्याची मुभा मिळाली. चांदीच्या ठशांशी साम्य नसावे, ही अट होती.

व्हिक्टोरियाच्या काळात ही अट शब्दशः पाळली गेली, भावार्थाने मात्र नाही. सिंह कोणी उमटविला नाही. परंतु चार-पाच ढालींची ओळ, प्राचीन वळणाची अक्षरे, ठशांची जागा हे सर्व चांदीसारखेच राहिले. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर शब्द बदलले आणि वाक्यरचना तीच राहिली. दुरून पाहणारा रचना पाहतो, जवळून वाचणारा शब्द वाचतो. ‘ए वन’ ह्यासारखी दर्जादर्शक अक्षरेही ह्या ओळीत असत. पण त्यांच्यामागे कोणतेही शासकीय प्रमाण नव्हते. मुकुटाच्या बाबतीत तर शब्दच उसना घेतला गेला. मुलाम्याच्या मालावर मुकुट सर्रास दिसे. एल्किंग्टन पेढीच्या ठशांतही तो आहे. शेवटी १८९६ मध्ये मुलाम्याच्या मालावर मुकुट उमटविण्यास मनाई झाली.

फ्रान्सने हा प्रश्न आकारानेच सोडविला. तेथे चांदीच्या कारागिराचा ठसा समभुज चौकोनी, हिऱ्याच्या आकाराचा, आणि मुलाम्याच्या कारागिराचा ठसा सरळ चौरस असावा, असा नियम आहे. अक्षर न वाचताही भेद कळतो. गंमत अशी की, इंग्लंडमध्ये त्याच हिऱ्याच्या आकाराचा अर्थ अगदी निराळा होता. १८४२ च्या कायद्याने नव्या आकृतिबंधाची नोंदणी करता येऊ लागली आणि १८८३ पर्यंत नोंदलेल्या वस्तूवर हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह उमटवीत. त्याच्या माथ्यावरील रोमन एक हा आकडा धातुवर्गाचा, आणि कोपऱ्यांतील अक्षरे व अंक नोंदणीच्या दिनांकाचे. पॅरिसमध्ये जे चिन्ह ‘हा चांदीचा कारागीर’ असे म्हणे, तेच बर्मिंगहॅममध्ये ‘हा आकृतिबंध नोंदलेला आहे’ एवढेच म्हणे. एकच ध्वनी दोन भाषांत दोन अर्थांनी यावा, तसाच हा प्रकार होय. शिवाय ज्या चमच्याला धातूच्या बळावर सिंह मिळणे शक्य नव्हते, त्याला रचनेच्या बळावर राज्याची मान्यता मिळू शकली, ही गोष्टही नजरेआड करण्याजोगी नाही.

६. उपसंहार

शतकाच्या अखेरीस परिस्थिती पालटली. चांदीचा भाव कोसळून औंसाला तीस पेन्सच्या खाली गेला. ह्याच घसरणीमुळे १८९३ मध्ये हिंदुस्थानातील टांकसाळींत खाजगी चांदीची नाणी पाडून देणे बंद झाले. इंग्लंडमधील घडविलेल्या चांदीवरील कर १८९० साली उठला. चांदी आणि मुलामा ह्यांतील अंतर त्यामुळे कमी झाले. पुढे १९१३ मध्ये शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली ह्याने न गंजणारे पोलाद तयार केले, आणि आंबटापासून बचाव करणारा थर ही मुलाम्याची मूळची गरजच संपुष्टात येऊ लागली. कल्हईचे कार्य गेले. मुलाम्याचे तेवढे उरले.

जुन्या संग्रहांतील वस्तूंची नोंद करणाऱ्या अभ्यासकाने ह्यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, ढालींच्या ओळीवर न जाता प्रत्येक अक्षर वाचावे. ‘प्लेट’ असा जुन्या यादीतील शब्द केवळ दिसला म्हणून धातूचा निर्णय करू नये. दुसरी ही की, चमच्याच्या पाठीवर किंवा काट्याच्या दात्यांवर पिवळसर धातू उघडा पडलेला दिसला, तर ते लबाडी उघडकीस आल्याचे चिन्ह मानू नये. त्या जागा सर्वांत अधिक झिजतात. झिजलेले नग पुन्हा चांदी चढविण्यासाठी कारखान्यात धाडण्याची रीत त्या काळी होती, जशी येथे भांडी कल्हईवाल्याकडे जात. मुलाम्याची झीज लपवावी लागते. कल्हईची झीज सांगून दुरुस्त करावयाची असते. त्या घरांतून दोन्ही घडत होते. त्यामुळे एखाद्या चमच्याला नकली ठरविण्यापूर्वी त्यावरील थर कोणत्या कामासाठी दिला होता आणि त्याच्या ठशाने नेमके काय सांगितले होते, हे पाहणे अगत्याचे आहे.